पाणमिरी

पाणमिरी (शास्त्रीय नाव : पर्सिकॅरिया हायड्रोपायपर, कुल : पॉलिगोनेसी). ओढ्याकाठी, चरात, भातखाचराच्या बांधालगत, जिथे चिखल सहसा वाळत नाही अशा जागी वाढणारी वर्षायू वनस्पती. कुट्टू (बकव्हीट) याच कुलातला आणि आपला आंबट चुकाही. भाऊबंदांपैकी चुका जीभ आंबवतो, ही ती पोळते. ‘हायड्रोपायपर’ या शब्दाचा अर्थच पाण्यातले मिरे. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअसने १७५३ मध्ये तिला पॉलिगोनम प्रजातीत घातले होते; जुन्या पुस्तकांत अजून तेच नाव सापडते.

उंची साधारण गुडघ्याइतकी. खोड तांबूस, सांध्यांशी फुगीर. प्रत्येक सांध्याला पातळ पडद्याच्या नळीचे वेष्टन असते, ती या कुलाची खूण. पाने भाल्याच्या पात्यासारखी. फुले बारीक, हिरवट-पांढरी किंवा गुलाबी, खाली झुकलेल्या विरळ तुऱ्यावर येतात. शिवाय काही फुले त्या नळीतच मिटलेली राहतात आणि न उमलता बी धरतात. या प्रजातीच्या जाती ओळखताना भलेभले चकतात. अशा वेळी भिंगाखाली पाकळ्यांसारख्या दलांवर पिवळसर ग्रंथींचे ठिपके दिसतात का पाहावे. पान चावून पाहणे त्याहून सोपे, मात्र तिखटपणा लगेच कळत नाही. क्षणभर काहीच नाही, मग जीभ चुरचुरते.

हा तिखटपणा मिऱ्यातल्या पायपरीनचा नव्हे, पॉलिगोडायल नावाच्या द्रव्याचा आहे. टास्मानियातल्या डोंगरी मिऱ्यातही तेच असते. कीटकांना ते नकोसे वाटते. इंग्लंडमध्ये बार्लीवर त्याची फवारणी करून माव्यामुळे पसरणारा विषाणू आटोक्यात येतो का, हे शेतात तपासले गेले आणि प्रादुर्भाव कमी झाला.

जपानने मात्र हे तण ताटात घेतले. तिथे तिला ‘ताडे’ म्हणतात. तिची जांभळट-लाल कोवळी रोपे साशिमीच्या, म्हणजे कच्च्या माशाच्या, बाजूला चिमूटभर ठेवतात. पाने वाटून व्हिनेगरमध्ये कालवली की ‘ताडेझु’ होते. मीठ लावून भाजलेल्या ‘आयु’ या नदीतल्या माशाबरोबर ते हवेच. ‘ताडे खाणाऱ्या किड्यांचीही आपापली आवड असते’ अशी तिथली म्हण आहे, कुणाची निवड आपल्याला अनाकलनीय वाटली की वापरायची. चीनमध्ये दारू आंबवण्याच्या विरजणात या गटातल्या वनस्पतींचा रस घालण्याची जुनी रीत आहे.

बंगालीत तिचे नाव ‘बिषकाटाली’. ईशान्य भारतात ती ठेचून साचलेल्या पाण्यात टाकतात, म्हणजे मासे गुंगून वर येतात. एकाच पाल्याने इकडे मासा पकडायचा आणि तिकडे तो चवीने खायचा, असा हा योग. भाताच्या शेतकऱ्याला यातले काहीच नको असते; त्याच्या लेखी ती उपटायची एक गोष्ट.