घरगुती सौर बॅटरी आणि वीजजाळे (बडोदे)

छतावरच्या सौरसंचाची दुपारची जादा वीज साठवून संध्याकाळी घरात वापरणारी किंवा जाळ्यात सोडणारी व्यवस्था. बडोद्यात वीजवितरण मध्य गुजरात वीज कंपनी करते. राज्यभरच्या विजेची मागणी आणि पुरवठा जुळवणारे भारप्रेषण केंद्रही शहरात, गोत्रीला आहे.

३ किलोवॉटचा संच चांगल्या उन्हात दिवसाला १२ युनिटांच्या आसपास वीज देतो. घर दुपारी रिकामे असले की त्यातली बरीचशी बाहेर जाते. एकाच ट्रान्सफॉर्मरवर, त्यातही एकाच फेजवर, अशी अनेक छते आली तर व्होल्टेज चढते. २३० चे २५० च्या वर गेले की इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरच्या विजेत बदलणारी यंत्रे) आपोआप बंद पडतात आणि भर उन्हात वीज वाया जाते. दिवेलागणीला उलटे: छते शून्यावर, एसी चालू.

बॅटरीने हे सावरते, पण वेळ नीट लावली तरच. बहुतेक इन्व्हर्टर ऊन पडताच चार्जिंग सुरू करतात. ५ युनिटांची बॅटरी अकरा-साडेअकरालाच भरते आणि ऐन दुपारी सगळी वीज पुन्हा तारेवर. म्हणून चार्जिंग ११ ते ३ ठेवावे, ५१.२ व्होल्टच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीला ३० अँपिअरची मर्यादा घातली की सुमारे दीड किलोवॉटने ती सावकाश भरते. वापर संध्याकाळी साडेसहा ते साडेदहा, तळाशी २० टक्के राखीव. वीज जाईल या धास्तीने कायम भरलेली ठेवलेली बॅटरी जाळ्याच्या काही कामाची नाही. हजार घरांनी दीड किलोवॉट दिले तर दीड मेगावॉट होतात. फीडरला, म्हणजे उपकेंद्रातून वस्तीकडे येणाऱ्या मुख्य वाहिनीला, तेवढा फरक जाणवतो.

नेहमीची चूक सीटीची, म्हणजे वीज किती आणि कोणत्या दिशेने जाते ते मोजणाऱ्या कडीची. मुख्य तारेवरची ही कडी उलटी बसली तर घेतलेली वीज इन्व्हर्टरला पाठवलेली वाटते. संध्याकाळी बॅटरी वीज देत नाही, कधी चक्क भरू लागते. जाळे बंद पडताच निर्यात थांबलीच पाहिजे, नाहीतर खांबावरच्या लाइनमनच्या जिवावर बेतते. बॅकअपचे दिवे-पंखे त्यासाठी वेगळ्या सर्किटवर घेतात. बॅटरी गच्चीवर उन्हात नको, मे महिन्यातल्या उकाड्याने आयुष्य घटते. घरोघरच्या जुन्या ट्युब्युलर (शिसे-आम्लाच्या) बॅटऱ्या रोजच्या या कामाला टिकत नाहीत.

खरा अडथळा हिशेबाचा आहे. नेट मीटरिंगमध्ये दुपारी पाठवलेले युनिट संध्याकाळच्या युनिटातून वजा होते, मग बॅटरीवर खर्च कोण करील? केंद्राच्या सूर्यघर योजनेचे ७८,००० रुपयांपर्यंतचे अनुदान सौरसंचासाठी आहे, बॅटरीसाठी नाही. केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांतल्या २०२३ च्या दुरुस्तीने सौर तासांचा दर निदान २० टक्के कमी आणि घरगुती ग्राहकांचा गर्दीच्या तासांचा दर निदान १० टक्के जास्त ठेवायला सांगितले आहे. हा वेळेनुसारचा दर तासागणिक वापर नोंदणारा स्मार्ट मीटर बसल्यावरच लागू होतो. अशा मीटरांना २०२४ मध्ये बडोद्यातच लोकांनी विरोध केला होता.