लाईटच्या आधी पाणी का प्यायला लावतात?

मावशीचं गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं आणि मग २५ लाईट, म्हणजे रेडिएशन, सांगितल्या, सोमवार ते शुक्रवार. रोजचं ठरलेलं, आधी लघवीला जाऊन यायचं, मग अर्धा लिटर पाणी संपवायचं आणि बाकड्यावर दम धरून बसायचं. नंबर लांबला की ती वैतागायची, "कॅन्सरचं राहू दे, मी या लघवीनंच मरणार." आम्हाला वाटायचं पाणी उष्णतेसाठी असेल. तसलं काही नाही. पिशवी काढली की तिथे जागा रिकामी होते आणि लहान आतड्याची वेटोळी त्यात उतरून बसतात, बरोब्बर किरणांच्या वाटेत. ब्लॅडर भरलं की ते फुगून आतड्याला वर ढकलतं, बस एवढंच.

पण आतडंच इतकं नाजूक का? कारण त्याचं अस्तर दर ३ ते ५ दिवसांनी नवं होतं. अस्तरावर बोटांसारखे बारीक उंचवटे असतात आणि त्यांच्या बुडाशी खड्डे, त्या खड्ड्यांत स्टेम सेल्स, म्हणजे मूळ पेशी, सतत नव्या पेशी काढत असतात, त्या वर सरकत जातात आणि टोकाला पोचल्या की गळून पडतात. रेडिएशनचा मार सगळ्यात जास्त बसतो तो अशा भराभर विभागणाऱ्या पेशींना. म्हणजे वरची गळती चालूच आणि खालून नवा माल बंद! उंचवटे आखूड होतात, पाणी शोषलं जात नाही, जुलाब लागतात. सगळं पोट एका दमात १० ग्रेच्या (ग्रे म्हणजे रेडिएशन मोजायचं माप) वर भाजलं तर अस्तर परत उभंच राहत नाही आणि माणूस साधारण दोन आठवड्यांत जातो. म्हणून तर ४५-५० ग्रेचा डोस रोज २ ग्रेच्या आसपास असा वाटून देतात, मधल्या वेळात चांगल्या पेशी डागडुजी करून घेतात.

मग आतडं वाचवायला गोळी नाही का? शीतयुद्धाच्या काळात अमेरिकन लष्कराच्या वॉल्टर रीड संस्थेत सैनिकांसाठी ॲमिफॉस्टिन शोधलं, ते फ्री रॅडिकल्स, म्हणजे किरणांमुळे तयार होणारे आणि पेशींना इजा करणारे कण, टिपतं, पण शिरेतून द्यावं लागतं, बीपी पडतं, उलट्या होतात, त्यामुळे आतड्यासाठी रोजच्या वापरात काही ते बसलं नाही. सुक्रलफेट हे अल्सरचं औषध पिऊन जुलाब टळत नाहीत. लॅक्टोबॅसिलसवाल्या प्रोबायोटिकचा (चांगल्या जिवाणूंच्या औषधाचा) थोडा फायदा दिसलाय, पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, पांढऱ्या पेशी कमी असतील तर तेच अंगलट येऊ शकतं.

खरा फरक पडला तो नेम सुधारल्यानं. आपल्या मुंबईच्या टाटा मेमोरियलनं ऑपरेशन झालेल्या ३०० बायकांवर ट्रायल केली, अर्ध्यांना नेहमीचं थ्रीडी रेडिएशन आणि अर्ध्यांना रोज स्कॅन बघून दिलेलं आयएमआरटी, ज्यात किरणांचा जोर आतड्याच्या कडेला कमी करता येतो. २०२१ साली निकाल छापून आला. तीन वर्षांत आतड्याचा मध्यम किंवा त्याहून जास्त त्रास जुन्या पद्धतीत ४२ टक्के बायकांना झाला, नव्यात २१ टक्के. कुठल्याही औषधानं अजून एवढं करून दाखवलेलं नाही असं माझं मत.

मावशीला तिसऱ्या आठवड्यात जुलाब सुरू झालेच. तिथल्या सिस्टरनी आधी दूध बंद करायला लावलं, कारण दूध पचवणारं लॅक्टेज त्या उंचवट्यांवरच तयार होतं आणि तेच झिजलेले. रोज दोनदा दुधाचा चहा लागणाऱ्या बाईनं महिना कोऱ्या चहावर काढला, ओआरएस पीत.