अतिथी कलावंत-अभ्यासक निधी (कोल्हापूर)

विद्यापीठाच्या कायम सेवेत नसलेल्या, वेगळ्या प्रांतातल्या, भाषेतल्या, जातिधर्मातल्या किंवा परंपरेतल्या कलावंताला, अभ्यासकाला ठरावीक मुदतीसाठी बोलवायचं आणि मानधन, प्रवास, राहणं-जेवण यांचा खर्च वेगळ्या निधीतून भागवायचा, ही पद्धत. वर्गात समोर कोण उभं राहतं त्यावर मुलांना ज्ञान कुणाचं वाटतं हे ठरतं, असा यामागचा विचार.

सुरुवात कुठली यावर एकमत नाही. अमेरिकेतले लोक ओहायोतल्या मायामी विद्यापीठाचं नाव घेतात, तिथं १९२०ला पर्सी मकाय हा कवी-नाटककार निवासी म्हणून राहिला. काहीजण १९२१ला मिशिगन विद्यापीठात आलेल्या रॉबर्ट फ्रॉस्टपासून मोजतात, तर चित्रकलावाले १९३६ला विस्कॉन्सिनच्या कृषी महाविद्यालयात नेमलेल्या जॉन स्टुअर्ट करीला पहिला मानतात. पण यातली कुठलीच नेमणूक विविधतेसाठी नव्हती, तो हेतू अमेरिकेत साधारण १९६०नंतर नागरी हक्कांच्या चळवळीतून आला असं मानायला जागा आहे. आपल्याकडं १९२१ला रवींद्रनाथ टागोरांच्या शांतिनिकेतनातल्या विश्वभारतीत सिल्व्हाँ लेव्ही हे फ्रेंच संस्कृतपंडित पहिले अतिथी प्राध्यापक म्हणून आले, मागून विंटरनित्झ, स्टेन कोनाव, तुच्ची हे युरोपातले पंडित. तिथं मात्र जगातली माणसं एका अंगणात आणायची हा हेतू उघड होता, म्हणून हेतूचा विचार केला तर शांतिनिकेतनचा दाखला जास्त पटतो. दरबारी राजाश्रय यात धरावा का हा वेगळा वाद. बरेच अभ्यासक धरत नाहीत, कारण दरबारी गवई हा नोकर, पाहुणा नव्हे. कोल्हापूरपुरतं हे पूर्ण खरं नाही, कारण इथं राजाश्रय आणि शिक्षण एकाच माणसाच्या हातात होतं.

राजर्षी शाहू महाराजांनी १८९५च्या आसपास गवई अल्लादिया खाँसाहेबांना दरबारात आणलं. खाँसाहेब मूळचे राजस्थानातल्या उनियाऱ्याचे, जन्म बहुतेक १८५५चा. त्यांची गायकी कशी घडली यावर दोन मतं आहेत. एक असं की आमलेटा या गावच्या मुक्कामात गाणं अति झालं, आवाज बसला, मग त्या आवाजाला झेपेल अशी वक्र, लयीला धरून चालणारी गायकी त्यांनी नव्यानं बांधली. दुसरं मत सांगतं की घरातलं ध्रुपद, काका जहाँगीर खाँ यांची तालीम आणि जयपूरच्या मुबारक अली खाँ यांच्या गळ्याच्या फिरतीचा परिणाम यातच ती होती, आवाजाची गोष्ट मागून मोठी झाली. घराण्यातल्या आठवणी पहिल्याला आधार देतात पण बंदिशींची रचना बघितली की दुसऱ्याकडं झुकावं लागतं. निधीच्या दृष्टीनं महत्त्वाचं हे की वर्षानुवर्षं पगार चालू राहिला, त्यामुळं शिकवायला सवड मिळाली. १९२२ला महाराज गेले, खाँसाहेब मुंबईला गेले, मुलगा भुर्जी खाँ कोल्हापुरात राहिले आणि त्यांच्याकडं इथल्या धोंडूताई कुलकर्णी शिकल्या, धारवाडकडचे मल्लिकार्जुन मन्सूरही शिकले. एक बाहेरचा माणूस टिकवला की काय होतं ते यात दिसतं. चित्रकार आबालाल रहिमान यांनाही याच दरबाराचा आधार होता, त्यांचं जन्मवर्ष १८५६ ते १८६० यांच्यामधलं कुठलंतरी धरतात.

याच काळात १९०१पासून मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य मानलेल्या जातींची अशी वेगवेगळी बोर्डिंगं निघाली, २६ जुलै १९०२ला ५० टक्के जागा राखीव ठेवण्याचा हुकूम निघाला. मुलं सगळ्या समाजांतली यावीत आणि शिकवणारेही लांबून यावेत, या दोन्ही गोष्टी इथं सोबतच चालल्या. १९१९ला राजाराम कॉलेज आर्य समाजाकडं दिलं, पुढं १९२२ला प्राचार्य म्हणून मुलतानकडचे डॉ. बाळकृष्ण आले, आणि कोल्हापुरात शिवछत्रपतींच्या नावाचं विद्यापीठ हवं ही कल्पना मांडणाऱ्यांत त्यांचं नाव आधी घेतात. १९५०च्या सुमारास कन्नड कवी वि. कृ. गोकाक याच कॉलेजचे प्राचार्य होते. हे दोघं पाहुणे नव्हते, पण बाहेरचा माणूस इथल्या शिक्षणात काय भर घालतो याची ही चांगली उदाहरणं.

शिवाजी विद्यापीठ १९६२ला सुरू झालं. राज्य विद्यापीठांत सरकारी अनुदान मुख्यतः मंजूर पदांच्या पगाराला जातं, त्यामुळं पाहुण्यांचा खर्च स्वनिधी, अध्यासनाच्या (कुणाच्या नावानं चालणाऱ्या अभ्यासकेंद्राच्या) ठेवीचं व्याज, यूजीसीच्या म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या योजना किंवा देणगी यातून निघतो. केंद्र सरकारच्या २०१५च्या ‘ज्ञान’ (GIAN) योजनेत परदेशी तज्ज्ञाला १२ ते १४ तासांसाठी ८,००० डॉलरपर्यंत, २० ते २८ तासांसाठी १२,००० डॉलरपर्यंत तरतूद होती. २०२२ला यूजीसीनं ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ हे पद आणलं, डिग्रीची अट नाही, साधारण १५ वर्षांचा अनुभव हवा, मंजूर पदांच्या १० टक्क्यांपर्यंत. २०२३ला कलावंत-कारागिरांना निवासी म्हणून घेण्याची मार्गदर्शक तत्त्वं आली, त्यात गुरू, परमगुरू, परमेष्ठी गुरू अशा तीन पायऱ्या आहेत. शाहीर, गोंधळी, धनगरी ओवीवाले यांना विद्यापीठाचं दार कागदावर तरी यानंच उघडलं, आणि हे व्हायलाच पाहिजे होतं.

अडचण पैशाच्या आकड्यात कमी आणि बिलात जास्त असते. मानधनाचं बिल एका ‘वक्त्या’च्या नावानं निघतं. पॅनकार्ड, रद्द केलेला चेक, तिकिटाची मूळ प्रत, ५,००० रुपयांच्या वर रोख पावतीला एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प. आता शाहीर एकटा गात नाही, डफ त्याच्या हातात असला तरी ढोलकीवाला, तुणतुण्यावाला, झांजवाला आणि मागं जी जी रं ओढणारे झीलकरी असल्याशिवाय पोवाडा उभाच राहत नाही, मग मानधन एकाचं आणि माणसं पाच-सहा असं होतं आणि गाडीभाडंसुद्धा शाहिराच्या खिशातून जातं. शास्त्रीय गायकाच्या तबला-पेटीच्या साथीला वेगळी रक्कम द्यायची सवय बऱ्याच ठिकाणी आहे, तीच लोककलेला लावली तर नियम मोडत नाही. बिल फडाच्या म्हणजे शाहिराच्या सगळ्या संचाच्या नावानं काढायचं, आणि एका कार्यक्रमाऐवजी आठवड्याचा मुक्काम धरायचा, म्हणजे मुलांना झील ओढायला आणि डफ धरायला शिकता येतं.

अमेरिकेत अशा प्रकारचा निधी सध्या अडचणीत आहे. २०२३ला तिथल्या सुप्रीम कोर्टानं प्रवेशात वंश विचारात घेणं बंद केलं, टेक्सासनं १ जानेवारी २०२४पासून सरकारी विद्यापीठांतली विविधता कार्यालयं कायद्यानं बंद केली. कोल्हापुरात आधार आरक्षणाच्या परंपरेचा असल्यामुळं विविधतेच्या तत्त्वाला फारसा विरोध होत नाही. उणीव दिसते ती निवडीत, कारण बोलावलेल्यांत नावाजलेले पुरुषच जास्त असतात आणि सीमाभागातल्या कन्नड लोकगायिका, जोगतिणी, मुरळ्या या यादीत क्वचितच येतात.