जुन्या आउटबोर्डचा बिघाड त्याच्या सालात शोधावा

बंद पडलेलं जुनं आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे टांगायचं इंजिन, समोर आलं की हात आपोआप प्लगकडे जातो आणि तिथून कार्बोरेटरकडे. त्याआधी मशीनचं साल शोधा, असं मी आग्रहाने सांगेन. शंभराहून जास्त वर्षांत या मशीनचा सांगाडा फारसा बदललेला नाही. बदलत गेल्या त्या करंट, पेट्रोल, ऑइल आणि पाणी यांच्या वाटा, आणि प्रत्येक पिढीची दुखणी त्याप्रमाणे वेगळी झाली. 1955 च्या मशीनला 1985 चा इलाज केला तर ते कायमचं बसू शकतं.

सांगाडा ठरला 1909 मध्ये. तसे प्रयत्न आधीपासून चालू होते. गुस्ताव्ह ट्रूव्हे या फ्रेंच संशोधकाने 1881 मध्ये पॅरिसला सीन नदीत विजेवर चालणारी, काढता-लावता येणारी मोटर होडीवर बसवून दाखवली. अमेरिकेत कॅमेरॉन वॉटरमनने 1905 च्या सुमारास पेट्रोलचं मशीन होडीच्या मागच्या फळीला टांगलं. पण टिकली ती ओले एव्हिनरूडची मांडणी. हा नॉर्वेत जन्मलेला, विस्कॉन्सिनमध्ये वाढलेला कारागीर. आडवा सिलिंडर, उभा क्रँकशाफ्ट, डोक्यावर फ्लायव्हील, पाण्यात उतरणारा शाफ्ट आणि तळाशी काटकोनात फिरणारे गिअर. ताकद दीड हॉर्सपॉवर, वजन सुमारे 28 किलो. आजचं कुठलंही आउटबोर्ड उघडून बघा, मूळ मांडणी हीच आहे.

1921 मध्ये एव्हिनरूडनेच ॲल्युमिनियम वापरून हलकं, दोन सिलिंडरचं मशीन आणलं. पुढच्याच वर्षी जॉन्सन बंधूंचं साधारण 16 किलोचं मशीन आलं. एका माणसाला मशीन सहज उचलून नेता येऊ लागलं, पण एक कटकटही मागे लागली. ॲल्युमिनियममध्ये बसलेला स्टीलचा बोल्ट खाऱ्या पाण्यात गंजून जाम होतो आणि जोर केला की त्याचं डोकं तुटून हातात येतं. अशा बोल्टला आधी उष्णता द्यावी, झिरपणारं तेल सोडावं, आणि तो हलला तरी एकदम न सोडवता थोडा सैल, थोडा घट्ट असं करत काढावा. इथे घाई केली तर दुरुस्तीचं काम दुप्पट होतं.

आउटबोर्ड बनवणाऱ्या मर्क्युरी कंपनीचा जन्म तर दुरुस्तीतूनच झाला. 1939 मध्ये कार्ल कीकहेफरने विस्कॉन्सिनमधल्या सीडरबर्गचा एक बंद पडलेला कारखाना घेतला. तिथे जवळपास 300 आउटबोर्ड पडून होती. नीट चालत नाहीत म्हणून विक्रेत्याने ती परत पाठवली होती. कीकहेफरच्या माणसांनी ती उघडली, सुधारली आणि त्याच विक्रेत्याला दिली. त्याने आणखी मागवली. पुढच्या वर्षी मर्क्युरी हे नाव बाजारात आलं. या धंद्याच्या इतिहासात मला सर्वांत आवडणारी गोष्ट ही आहे.

आता बिघाडाकडे. 1970 च्या दशकापर्यंत लहान मशीनांमध्ये करंट तयार व्हायचा तो फ्लायव्हीलखालच्या मॅग्नेटोमध्ये: चुंबक, कॉइल, कंडेन्सर आणि पॉइंट, म्हणजे उघडझाप करून ठिणगी पाडणारी संपर्काची जोडी. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या मशीनमध्ये पॉइंटच्या तोंडावर ऑक्साइडचा पातळ थर चढतो. डोळ्याला तो जेमतेम दिसतो, पण तेवढ्याने करंट अडतो. फ्लायव्हील पुलर लावून काढायचं, हातोडीने ठोकायचं नाही. पॉइंट बारीक कानसीने हलकेच घासावेत, मग त्यांच्यामधून स्वच्छ कागदाची पट्टी ओढावी. पट्टीवर काळी रेघ उमटायची थांबली की पॉइंट साफ झाले. मग गॅप, म्हणजे उघडलेल्या पॉइंटमधलं अंतर. त्या काळातल्या बहुतेक जॉन्सन आणि एव्हिनरूडला 0.020 इंच, म्हणजे अर्धा मिलिमीटर. 1950 च्या दशकातल्या कॉइलचं कवच वारंवार तापून आणि थंड होऊन तडकतं. मग आत ओल शिरते आणि ठिणगी पिवळट, अशक्त पडते. तडा दिसला तर कॉइल सरळ बदलावी.

1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात मोठ्या मशीनांवर इलेक्ट्रॉनिक इग्निशन आलं, पुढच्या दशकात लहानांवर. पॉइंट गेले आणि कानस निरुपयोगी झाली. तिथे मीटर लावून स्टेटर (करंट तयार करणारा), ट्रिगर (ठिणगीची वेळ ठरवणारा) आणि पॉवर पॅक (ठिणगी सोडणारा डबा) एकेक तपासावे लागतात.

ऑइलचा विषय सर्वांत नाजूक, म्हणून तो जरा सविस्तर. टू-स्ट्रोकमध्ये हवा आणि पेट्रोलचं मिश्रण क्रँककेसमधून जातं, त्यामुळे तिथे ऑइल वेगळं साठवता येत नाही. ते पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. किती, ते बेअरिंगवर ठरतं. साध्या ब्राँझच्या बुशवर फिरणाऱ्या जुन्या मशीनांना 16 ला 1 (16 भाग पेट्रोलला 1 भाग ऑइल) असं दाट मिश्रण लागायचं. 1950 च्या दशकात 24 ला 1 रूढ झालं. बारीक रुळांची निडल बेअरिंग सर्रास आल्यावर 1964 पासून जॉन्सन आणि एव्हिनरूडने 50 ला 1 सांगायला सुरुवात केली. आज पेट्रोल भरणाऱ्याच्या डोक्यात हाच शेवटचा आकडा असतो. ते पातळ मिश्रण बुशच्या मशीनमध्ये गेलं तर मशीन काही काळ छान, बिनधुराचं पळतं आणि मग जाम होतं. धूर थोडा जास्त झाला तर बिघडत नाही. जुन्या मशीनला नेहमी त्याच्या काळातलं प्रमाण द्यावं.

पेट्रोलच्या वाटेचंही तसंच. 1949 पासून वेगळी टाकी आली. तिला दोन नळ्या: एकीतून मशीन टाकीत हवेचा दाब भरतं, दुसरीतून पेट्रोल वर येतं. झाकणाचं रबर सुकलं की दाब टिकत नाही आणि मशीन थोडं चालून गळपटतं. लोक कार्बोरेटर चारदा उघडतात, दोष टाकीच्या झाकणात असतो. 1960 च्या सुमारास पेट्रोल पंप आला आणि नळी एकच उरली.

कार्बोरेटरमधला जुना फ्लोट, म्हणजे पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता तुकडा, मात्र उघडून बघावाच. तो बुचाच्या लाकडाचा, वर शेलॅकचा, म्हणजे लाखेचा लेप. आजच्या पेट्रोलमधलं इथेनॉल हा लेप विरघळवतं, फ्लोट पेट्रोल पिऊन जड होतो आणि कार्बोरेटर तुडुंब वाहतो. शेलॅक विरलं की खाली चिकट साका बसतो. इथेनॉलला टिकणाऱ्या लेपाचा फ्लोट बसवला की प्रश्न मिटतो.

मशीन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या बाबतीत साल बघून फसगत टळते. नव्या मशीनच्या बाजूने पाण्याची बारीक धार उडते, तीवरून पंप चालू आहे हे कळतं. कित्येक जुन्या मशीनांना ती धारच नव्हती. पाणी एग्झॉस्टसोबत बाहेर पडायचं. धार दिसत नाही म्हणून घाबरू नये, पण इम्पेलर, म्हणजे पंपातलं पाणी ढकलणारं पात्यांचं चाक, जरूर बदलावा. पडून राहिल्यावर त्याची रबरी पाती वाकलेल्या अवस्थेतच कडक होतात. एखादं पातं तुटलेलं दिसलं तर तो तुकडाही शोधून काढावा, नाहीतर तो वरच्या वाटेत अडकून नव्या पंपालाही हरवतो.

साध्या टू-स्ट्रोकमध्ये बरंचसं पेट्रोल न जळताच बाहेर जातं. त्यामुळे 1996 च्या अमेरिकी प्रदूषण नियमांनंतर फोर-स्ट्रोक आणि थेट इंजेक्शनची मशीनं पुढे आली. एव्हिनरूड आणि जॉन्सन बनवणारी कंपनी डिसेंबर 2000 मध्ये दिवाळखोरीत गेली. नव्या मालकाने 2020 मध्ये एव्हिनरूडचं उत्पादनही थांबवलं. तरी जुन्या मशीनांचे पॉइंट, कंडेन्सर, इम्पेलर मिळतात, कारण एकाच प्रकारचा मॅग्नेटो या दोन्ही नावांच्या लहान मशीनांवर वर्षानुवर्षं बसत होता.

सुटे भाग मागवायचे तर साल हवंच. 1980 पासूनच्या जॉन्सन आणि एव्हिनरूडमध्ये ते मॉडेल नंबरच्या शेवटी दोन अक्षरांत दडलेलं असतं. आय, एन, टी, आर, ओ, डी, यू, सी, ई, एस ही अक्षरं क्रमाने 1 ते 9 आणि 0. म्हणजे सी-ओ असेल तर 85. त्याहून जुन्या मशीनला मॉडेल नंबर कंपनीच्या यादीशी ताडून बघावा लागतो. ब्रॅकेटवरची पाटी पडलेली असेल तर इंजिनच्या ब्लॉकवर ठोकलेली गोल चकती बघा. बऱ्याच मशीनांत तोच नंबर तिच्यावर कोरलेला असतो, फक्त रंगाचे थर खरवडावे लागतात.