जपून ठेवलेला बुकमार्क सापडत का नाही?

कांद्याचं रोप वाफ्यातच माना टाकायला लागलं की शेतकरी मोबाइलवर उपाय शोधतो. चांगली माहिती देणारं एखादं पान मिळतं आणि तो तारा दाबून ते बुकमार्क करतो. पुढच्या हंगामात बुकमार्कमध्ये या रोगाचं गावाकडचं नाव, ‘मर’, टाइप करतो, तर काहीच येत नाही. पानाचं शीर्षक असतं ‘कांद्याच्या रोपवाटिकेतील डॅम्पिंग ऑफचे एकात्मिक व्यवस्थापन’, आणि ब्राउझरने तेच नाव म्हणून उचललेलं असतं. ‘डॅम्पिंग ऑफ’ म्हणजे हीच मर. पान जागेवर आहे, बुकमार्कही आहे. फक्त शीर्षक लिहिणाऱ्याचा शब्द आणि शोधणाऱ्याचा शब्द वेगळा आहे.

या अडचणीचा नीट अभ्यास वेब येण्याआधीच झाला होता. १९८७ साली जॉर्ज फर्नास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. लोक एकाच गोष्टीला काय नाव देतात, हे त्यांनी संगणकाच्या आज्ञांपासून पाककृतींपर्यंत अनेक क्षेत्रांत तपासलं. दोन माणसांनी आपणहून तोच शब्द निवडण्याची शक्यता २० टक्क्यांहूनही कमी निघाली. म्हणजे ‘सगळ्यांना पटेल असं अचूक नाव’ शोधत बसण्यात अर्थ नाही. त्यांनी सुचवलेला उपाय साधा होता: एकाच वस्तूला भरपूर नावं द्या.

बुकमार्कला हा उपाय तंतोतंत लागू पडतो. जतन करताना नाव बदलायची सोय ब्राउझरमध्ये असतेच. तिथे ‘कांदा रोप मर, मान टाकणे, वाफा, बुरशी’ असं लिहून टाकावं. वाक्य नको, व्याकरण नको. पुढे गरज पडेल तेव्हा तोंडात येतील ते शब्द हवेत. माझ्या मते बुकमार्क लावण्याच्या सगळ्या युक्त्यांत या दहा सेकंदांइतकं मोल कशालाच नाही.

मराठीत तर त्याची जास्तच गरज आहे. ब्राउझरमधला शोध बहुतेक वेळा नुसती अक्षरं जुळवतो, त्याला सामान्यरूप कळत नाही. ‘कांदा’ ही अक्षरं ‘कांद्याची’मध्ये सलग येतच नाहीत. ‘विहीर’ शोधली तर ‘विहिरीसाठी अनुदान’ हाती लागत नाही, कारण मधली दीर्घ वेलांटी ऱ्हस्व झालेली असते. म्हणून नावात मूळ शब्द लिहावा. जुन्या बुकमार्कमध्ये शोधायचं असेल तर अर्धाच शब्द टाइप करावा, ‘कांद’ किंवा ‘विह’.

पत्त्यावरूनही काही ओळखता येत नाही. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, काना-वेलांटीसुद्धा, संगणकात ३ बाइट घेतं आणि वेबपत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह अधिक दोन अक्षरं-आकडे असा लिहिला जातो. त्यामुळे ‘मराठी’ या पाच चिन्हांच्या शब्दाची तब्बल ४५ चिन्हांची माळ होते. व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच लिंक पाठवून ठेवणाऱ्यांनी म्हणूनच लिंकच्या वर आपल्या शब्दांत एक ओळ लिहावी. राज्य सरकारचे शासन निर्णयही लांबलचक आकड्यांच्या संकेतांकाने साठवलेले असतात. ती फाइल उतरवून घेतली आणि नाव तसंच ठेवलं, तर ती कोणत्या विषयाची हे महिन्याभराने कोण सांगणार?

फोल्डर किती करावेत यावर लोक फार वेळ घालवतात. चार-पाच पुरे. फोल्डरात पान एकाच जागी बसतं, पण विषय क्वचितच एका खणात मावतात: कांद्याच्या विम्याचं पान ‘शेती’त जाईल की ‘पैसा’त? टॅग म्हणजे पानाला चिकटवलेली शब्दांची लेबलं, एका पानाला हवी तितकी; त्यामुळे ते दोन्हीकडे राहतं. २००३ साली जोशुआ शाख्टर यांनी सुरू केलेल्या डिलिशस या बुकमार्क साठवायच्या संकेतस्थळाने हीच पद्धत लोकप्रिय केली. फायरफॉक्समध्ये टॅग आजही आहेत. जिथे नाहीत, तिथे नावातले जास्तीचे शब्द तेच काम करतात.

आता दुसरी बाजू. बुकमार्क पत्ता जपतो, मजकूर नाही. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०१३ साली असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. ज्या पानावाचून अडेल त्याची प्रतच घ्यावी. एक मार्ग म्हणजे पीडीएफ करून ठेवणं. दुसरा म्हणजे वेबपानांच्या प्रती जपणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये पत्ता देऊन पान साठवायला सांगणं. हे फुकट आहे आणि प्रत सगळ्यांच्या कामी येते. तिथे खासगी काही मात्र देऊ नये.

सेवासुद्धा बंद पडतात. ‘नंतर वाचू’ म्हणून लाखो लोकांनी लेख ठेवलेली पॉकेट ही सेवा फायरफॉक्सवाल्या मोझिलाने जुलै २०२५ मध्ये बंद केली. म्हणून अधूनमधून ब्राउझरच्या बुकमार्क व्यवस्थापनात जाऊन ‘एक्स्पोर्ट’ करावं. साधी एचटीएमएल फाइल मिळते, पत्ते आणि आपण दिलेली नावं तिच्यात असतात. क्रोम किंवा फायरफॉक्समधून काढलेली फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर पहिल्याच ओळीत आजही नेटस्केपचं नाव दिसतं. तो ब्राउझर कधीच बंद झाला, पण त्याची ही फाइलपद्धत जवळपास सगळ्यांनी स्वीकारली. त्यामुळे फोन बदलला, ब्राउझर बदलला, तरी संगणकावर ती फाइल ‘इम्पोर्ट’ करून सगळी यादी नावांसकट परत आणता येते.