पाळी गेल्यावरची हार्मोनची गोळी आणि कोलेस्टेरॉल : पार्श्वभूमी

पाळी बंद झाली की अंगातून वाफा निघतात, रात्री घामानं जाग येते. त्याच सुमारास तालुक्याच्या लॅबमधून आलेल्या रिपोर्टात कोलेस्टेरॉलही वाढलेलं दिसतं. इस्ट्रोजेन हे स्त्रीहार्मोन घटलं की रक्तातलं एलडीएल, म्हणजे वाईट समजलं जाणारं कोलेस्टेरॉल, ओढून घेणारे यकृतावरचे रिसेप्टर कमी होतात, म्हणून शेवटच्या पाळीच्या आगेमागे वर्षभरातच एलडीएल चढतं. मग हार्मोनच्या एकाच गोळीत दोन्ही कामं होतील, असं वाटणं साहजिक आहे. जगभरच्या डॉक्टरांनाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं.

गाभण घोडीच्या मूत्रातून काढलेलं इस्ट्रोजेन अमेरिकेत 1942 साली बाजारात आलं. 1975 मध्ये कळलं की नुसतं इस्ट्रोजेन घेतल्यानं गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग वाढतो. तेव्हापासून पिशवी असलेल्या बाईला सोबत प्रोजेस्टोजेन, म्हणजे अस्तराला जपणारं दुसरं हार्मोन, देतात. पुढे परिचारिकांच्या मोठ्या पाहणीत हार्मोन घेणाऱ्यांना हृदयविकार कमी दिसला. पण अशा पाहण्यांतल्या गोळी घेणाऱ्या बाया मुळातच जास्त शिकलेल्या, तब्येतीला जपणाऱ्या होत्या. तो फरक गोळीच्या खात्यावर जमा झाला.

1995 च्या 'पेपी' चाचणीत कोलेस्टेरॉलसह हृदयविकाराच्या धोक्याच्या खुणा तपासल्या: 875 स्त्रिया, तीन वर्षं, हार्मोनच्या गटांना रोज 0.625 मिलिग्रॅम इस्ट्रोजेन. एलडीएल 14 ते 18 अंकांनी उतरलं. चांगलं समजलं जाणारं एचडीएल नुसत्या इस्ट्रोजेननं 5.6 नं वाढलं; मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन हे कृत्रिम प्रोजेस्टोजेन जोडलं की वाढ दीडच्या आसपासच उरली, नैसर्गिक प्रोजेस्टेरॉनसोबत मात्र 4.1. ट्रायग्लिसराइड ही रक्तातली दुसरी चरबी मात्र हार्मोनच्या सगळ्याच गटांत 11 ते 14 नं चढलं. गिळलेली गोळी आतड्यातून थेट यकृतात जाते, आणि यकृत चरबीसोबत रक्त गोठवणारी प्रथिनंही जास्त बनवू लागतं. सगळा घोळ इथेच आहे.

1998 मध्ये 'हर्स' चाचणीत आधीच हृदयविकार असलेल्या 2763 स्त्रियांचं एलडीएल 11 टक्के उतरलं, एचडीएल 10 टक्के चढलं, तरी झटके कमी झाले नाहीत. पहिल्या वर्षी तर वाढलेच. 2002 साली 16,608 स्त्रियांची 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह'ची संयुक्त (इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टोजेन एकत्र) गोळीची चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली. दर 10,000 स्त्रियांमागे वर्षाला 7 हृदयविकार, 8 पक्षाघात आणि फुप्फुसात गुठळी अडकण्याच्या 8 घटना जास्त भरल्या. रिपोर्टावरचा आकडा सुधारला, बाईचं हृदय नाही.

या 2002 च्या चाचणीतल्या स्त्रियांचं सरासरी वय 63 होतं, हे विसरू नये. पुढच्या अभ्यासांतून दिसलं की साठीच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत सुरुवात केली तर धोका बराच कमी असतो. म्हणून वाफांच्या त्रासासाठी हार्मोन आजही योग्य औषध आहे. कोलेस्टेरॉलसाठी मात्र गरज असेल तर स्टॅटिन हे कोलेस्टेरॉल उतरवणारं औषधच.

विदर्भाच्या खेड्यांत पस्तिशी-चाळिशीतच पिशवी काढलेल्या बाया पुष्कळ भेटतात. त्यांच्या डिस्चार्ज कार्डावर अंडाशयंही काढली का, हे आधी वाचावं. 45 च्या आत दोन्ही गेली असतील तर नैसर्गिक पाळी जाण्याच्या वयापर्यंत हार्मोन देण्याला वेगळं, भक्कम कारण असतं. त्यांना 63 वर्षांच्या बायांचे आकडे लावून घाबरवू नये.

गोळी सुरू करण्याआधी उपाशीपोटी लिपिड प्रोफाइल करावं आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा. ट्रायग्लिसराइड 400 च्या वर असेल तर गणितानं काढलेल्या एलडीएलवर भरवसा ठेवता येत नाही, आणि तोंडी इस्ट्रोजेननं ते आणखी चढून स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. अशा वेळी त्वचेवरची पट्टी किंवा जेल बरं. ते आधी यकृतात जात नाही. घरात सिकलसेल असेल तर डॉक्टरांना सिकलसेलचं कार्ड दाखवावंच, कारण त्या आजारात गुठळ्यांचा धोका मुळातच जास्त असतो. आणि गोळी चालू असताना एकच पोटरी सुजली, दुखली किंवा अचानक धाप लागली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. पेरणी-वेचणीचा थकवा समजून अंगावर काढू नये.