आफ्रिकेतला राजा म्हणजे बोलेल तो कायदा?

‘आफ्रिकेत राजा बोलेल तोच कायदा, देशाची सगळी जमीनही त्याचीच’ असा मजकूर बरीच वर्षं फिरतोय. तो अगदीच हवेतला नाही. एस्वातिनी (जुनं नाव स्वाझीलँड) या देशात आजही राजाच्या हाती खरी सत्ता आहे. पण एका देशावरून अख्खा खंड ठरवता येत नाही.

लेसोथो पाहा. चहूबाजूंनी दक्षिण आफ्रिकेने वेढलेला डोंगराळ देश. तिथल्या १९९३ च्या राज्यघटनेचं कलम ४४ राजाला ‘घटनात्मक’ राष्ट्रप्रमुख म्हणतं. कारभार पंतप्रधान आणि मंत्रिमंडळ चालवतं. राजाला माहिती मागण्याचा, सल्ला देण्याचा हक्क आहे. आपल्या राष्ट्रपतींसारखंच म्हणा ना, फक्त निवडणूक नाही. राजाने सल्ल्याप्रमाणे करायचं काम टाळलं, तर आधी कळवून पंतप्रधान ते स्वतः करू शकतात! राजेपदाला राजकारणात ओढणार नाही, अशी शपथही राजा घेतो.

आणि जमीन? कलम १०७ नुसार ती बासोथो, म्हणजे लेसोथोच्या जनतेची. राजा फक्त विश्वस्त.

पडताळायचं असेल तर राज्यघटना इंग्रजीत उपलब्ध आहे. ही दोन कलमं आणि शेवटी जोडलेली शपथ वाचा, दहा मिनिटांचं काम. असा मजकूर पुन्हा आला तर आधी विचारा: कोणता देश?